ऐकणारी मुलगी

शैला, माणूस गेलं की लोक म्हणतात, सांगायचं राहून गेलं. माझं तसं नाही. जे सांगायचं ते मी तुझ्या तोंडावर सांगत आले आणि तू माझ्या. माझं तुझ्याशी भांडायचं राहिलंय. चहा गार झाला, तास संपल्याची घंटा झाली, मुली येऊन दारात उभ्या राहिल्या, तरी शेवटचा शब्द तू कधी माझ्याकडे राहू दिला नाहीस. आता राहिलाय, आणि तो मला नकोय. शुक्रवारी नातीला, जुईला, कानाच्या तपासणीसाठी अलिबागला न्यायचं आहे. त्याच्या आत हे तुझ्याशी बोलून घेतलं नाही तर माझं डोकं ठिकाणावर राहणार नाही.

तू गेल्याचं तुझ्या पुतण्याने कळवलं, तेव्हा प्राचीने, माझ्या सुनेने, काही न विचारता जुईला कडेवर घेतलं आणि रिक्षा बोलावली. आगरदांड्याहून मिळाली त्या फेरीबोटीने आम्ही दिघीला उतरलो आणि दिवेआगर गाठलं. तुझ्या ओटीवर माणसं बसली होती आणि सगळी कुजबुजत होती. तुझ्या घरात कुजबुज! मला क्षणभर वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आलो. जुई मात्र आल्या आल्या प्राचीच्या कडेवरून उतरली, माजघरात गेली, मागच्या पडवीत गेली, परत आली. ती तुला शोधत होती हे कळत होतं. कशी शोधत होती ते कळलं नाही. ते पुढे सांगते.

तुझा आवाज. भरल्या वर्गात माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत जायचा, आणि घरी पडवीतून थेट वाडीच्या टोकाच्या पोफळीपर्यंत. चक्रीवादळाने निम्मी वाडी आडवी केली त्यानंतर मी आले होते, तर रस्त्यावरूनच तुझा आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. तू गड्यांना नवी रोपं कुठे लावायची ते ओरडून सांगत होतीस. आणि आमचं मुरूडचं घर म्हणजे अगदी उलट. आमच्याकडचं बोलणं उंबऱ्याबाहेर जात नाही, हा माझ्या सासूबाईंचा अभिमान होता, आणि तो मी त्यांच्या दागिन्यांपेक्षा जास्त जपला. तू आलीस की मी आधी खिडकी लोटून घ्यायचे. "जरा हळू बोल गं, शेजारीपाजारी काय म्हणतील?" तू म्हणायचीस, "म्हणू देत. फुकटात शिकायला मिळतंय त्यांना."

शिकवण्यावरूनच तर आपलं सगळं. एकाच अध्यापक विद्यालयात आपण एकच विषय शिकवायचो, बालमानसशास्त्र, आणि दोन तोंडांनी शिकवायचो. माझ्या तासाला पायऱ्या असायच्या. मूल आधी रांगतं, मग उभं राहतं. आधी वस्तू हातात धरून विचार करतं, मग मनातल्या मनात. प्रत्येक पायरीची वेळ ठरलेली असते आणि त्याआधी ओढलं तर मूल चढत नाही, पडतं. तू म्हणायचीस, पायऱ्याबियऱ्या ठीक आहेत, पण मूल आज जे कुणाचा तरी हात धरून करतं तेच उद्या एकटं करतं. मूल कितव्या पायरीवर आहे ते काय विचारता, त्याचा हात कुणी धरलाय ते विचारा. मुलींनी आपली नावंच ठेवली होती, पायरीबाई आणि हातबाई. पेपर कोणत्या बाईंनी काढलाय याचा अंदाज घेऊन उत्तरं लिहायच्या लबाड.

तो सुपाऱ्यांचा प्रयोग आठवतो? तुझ्याच गावच्या अंगणवाडीत आपण मुलींना घेऊन गेलो होतो. सुपाऱ्यांच्या दोन सारख्या ओळी मांडायच्या, मुलाच्या डोळ्यांदेखत त्यातली एक लांब पसरायची आणि विचारायचं, आता कुठे जास्त? लहान मूल लांब ओळीकडे बोट दाखवतं, कारण डोळ्याला जे मोठं दिसतं त्याच्या पलीकडे जायची पायरी आलेली नसते. पहिल्या पोरांनी दाखवलंही तसं. मग एक शेंबडी पोर पुढे आली आणि मलाच दरडावून म्हणाली, "तवड्याच हायत. तूच पसरल्यास!" तू अंगणवाडी डोक्यावर घेतलीस. "बघ, बघ! ही आजीबरोबर सुपारी निवडायला बसते! हिच्याबरोबर कुणीतरी बसलंय!" मी म्हटलं, एका पोरीने शास्त्र मोडत नाही. तू म्हणालीस, "शास्त्र त्या एका पोरीसाठीच असतं गो. बाकीची आपल्या आपण शिकतात."

मग जुई झाली आणि आपल्या वादाला हक्काचं घर मिळालं.

माझी ही नात तीन वर्षांची झाली तरी बोलेना. हसायची, खेळायची, स्वतःच्या हाताने जेवायची, आणि काही विचारलं की मान डोलवायची. भांडं पडलं तर दचकायची, एसटीचा हॉर्न वाजला की दाराकडे धावायची. म्हणजे ऐकू येत होतं, त्याबद्दल कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. उलट येणारा-जाणारा प्रत्येकजण म्हणायचा, "किती ऐकते हो तुमची नात!" हट्ट नाही, उलट उत्तर नाही, आदळआपट नाही. मी फुलून जायचे. आपल्या भाषेत कानाने ऐकण्याला आणि सांगितलेलं मानण्याला एकच शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने आम्हा सगळ्यांना छान गुंगवून ठेवलं. ऐकणारं मूल म्हणजे गुणी मूल. गुणी मुलाचे कान कोण तपासतं?

बोलण्याबद्दल मी पायरीबाईच्या थाटात सांगत होते, थांबा, तिची वेळ आली की बोलेल. माझा मुलगा नितीन उरणला बंदरावर नोकरी करतो, आठवड्याच्या शेवटी घरी येतो. त्याला आईचं शास्त्र पटायचं, कारण ते सोयीचं होतं. तुला पटत नव्हतं. तुझं दुसरंच काही चाललं होतं.

आमच्या घरची रीत तू पहिल्या दिवसापासून पाहत होतीस. प्राची आणि मी कधी भांडलो नाही, आणि कधी धड बोललोही नाही. जुई पाळण्यात होती तेव्हापासून आमचं दळणवळण तिच्यामार्फत. "जुई, आजीला सांग, भात झालाय." "जुई, आईला सांग, आजीला आत्ता भूक नाही." अगदी हळू, बाळाच्या कपाळाशी तोंड नेऊन. पुष्कळ घरांत असं चालतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. शेवटच्या वेळी आलीस तेव्हा तू झोपाळ्यावर बसून दुपारभर हे ऐकलंस आणि मग फुटलीस. "काय गो विजू, ह्या पोरीला तुम्ही टपाल केलंय! टपाल कधी आपणहून बोलतं? तुम्ही दोघी तिच्या तोंडून बोलताय, मग तिने कुणाच्या तोंडून बोलायचं?"

प्राची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पडला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझं शास्त्र शेवटी कुणाच्या तरी घरावर येऊन बसतं. मूल बोललं नाही की धर आईला, धर आजीला." तू म्हणालीस, "आणि तुझं शास्त्र कुणाला काहीच करू देत नाही. नुसतं बसून राहा, वेळ येईल!" मग तू जुईला समोर उभं केलंस, तिची हनुवटी धरलीस आणि आमच्या घराच्या कौलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "काय गो! काय गो बाय माझी!" आणि जुई खदखदून हसली आणि म्हणाली, "ता गो!"

तेवढंच ती बोलायची. "ता गो." आमच्या घरात 'गो' म्हणायची पद्धत नाही. मला आतून जरा लागायचं की नातीने पहिलं उचललं तेही तुझं. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बघितलंस? मी तिच्याशी बोलते, तिच्यातून नाही. म्हणून ती मला उत्तर देते." मी म्हटलं, "वेळ जवळ आलीय, त्याचं हे लक्षण आहे." शैला, दोघींनी एकच गोष्ट समोर पाहिली आणि दोघींनी ती आपापल्या पिशवीत घातली.

तुला आगरदांड्याला सोडायला आले तेव्हा आपण दोघी फुगलेल्याच होतो. फेरीबोट सुटली, आणि मग तू कठड्याशी येऊन हात उंचावून मला काहीतरी ओरडून सांगितलंस. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर कळलं नाही. तुझा आवाज आणि मला ऐकू आला नाही, असं आयुष्यात एकदाच झालं. मी मान डोलवली. तुझं समाधान झालं असावं, कारण तू वळून आत गेलीस. कशाला मी हो म्हटलं, ते आता कुणाला विचारू? रागाचं होतं का? की पुढच्या वेळी ओल्या सुपाऱ्या घेऊन येते, एवढंच होतं? न कळता मान डोलवून मोकळं व्हायचं, हे जुई रोज करत होती. दिवसाकाठी कितीतरी वेळा. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

तुझे दिवस झाल्यावरची गोष्ट. दुपारची वेळ, प्राची पडवीत बिरड्याचे वाल सोलत होती. जुई माझ्याकडे पाठ करून वालाची सालं वाटीत भरत होती. प्राची तिच्याकडे वाकून म्हणाली, "जुई, आजीला सांग, आपण पेणला मामाकडे जाणार आहोत, तिथे एका डॉक्टरांना दाखवायला." तू नव्हतीस, मी आतून पोखरून गेले होते, आणि ही मला बाळाच्या मार्फत सांगत होती की माझं शास्त्र तिला मान्य नाही. मला काय झालं कोण जाणे. मी ओरडले. सासूबाईंच्या त्या घरात, पडवीत उभी राहून, घसा फाटेपर्यंत ओरडले. "तिला काय सांगतेस? मला सांग! मी इथे उभी आहे, मला सांग!"

प्राचीच्या हातातले वाल सांडले. आणि जुई, जिने घाबरून रडायला हवं होतं, ती वळली. तिचा सगळा चेहरा उजळला होता. "ता गो!" ती म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, शैला. ती माझ्या मागे बघत होती, दाराकडे. तिला वाटलं, तू आलीस.

मग प्राची म्हणाली, "आई, परत बोला. असंच. मोठ्याने." लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने मला सरळ सांगितलेलं हे बहुधा पहिलं वाक्य. मी परत बोलले. जुई वळली. प्राची तिच्या मागे जाऊन रोजच्या आवाजात "जुई" म्हणाली. जुई वाटीत सालं भरत राहिली. "जुई. जुई." सालं भरत राहिली. प्राची म्हणाली, "मला वाटत होतं असं काहीतरी. पण तुम्ही आणि शैलामावशी दोघी एवढ्या शिकलेल्या, मुलांवरच शिकवायच्या. म्हटलं, कानाचं असतं तर तुम्हाला आधी कळलं असतं."

हे वाक्य घेऊन मी फिरते आहे. तुला त्यातलं निम्मं द्यायला हवं, पण तू हाताशी नाहीस.

मुरूडच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून कान पाहिले. पडद्यामागे पाणी साठलं असेल तर औषधाने किंवा लहानशा ऑपरेशनने मोकळं होईल, म्हणाले. नसेचं असेल तर मशीन लावावं लागेल. मोठे आवाज पोचतात, हळू बोलणं पोचत नाही, एवढं दिसतंय, बाकी तपासणीशिवाय काही सांगता यायचं नाही. तेव्हापासून मी काय करते विचार. जुईच्या मागे उभी राहते आणि वाटीवर चमचा वाजवते. टाळी वाजवते. डाव्या बाजूने, उजव्या बाजूने. कधी ती वळते, कधी नाही, आणि वळली तर ती ऐकून वळली की माझी सावली बघून, ते मला ठरवता येत नाही. काल प्राचीने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "आई, पुरे. तिला वाटतं हा खेळ आहे." वर्गात निरीक्षण कसं करावं यावर मी तासच्या तास बोलायचे.

तुझा आवाज आम्हाला जास्त व्हायचा. तिला तो पुरेसा होता, एवढंच. तुझ्या घरी त्या दिवशी ती तो आवाजच शोधत होती. तू तिच्याशी बोलत होतीस आणि आम्ही तिच्यातून, हेही खरं असेल, मी आता नाही म्हणत नाही. पण आधी तू तिला ऐकू येत होतीस. आमच्या सभ्य, हळू बोलणाऱ्या घरात तिला बाराखडीतली किती अक्षरं पोचली असतील देव जाणे. तुझं "काय गो" मात्र अख्खं पोचलं. मी तुला खिडकी लोटून गप्प करत होते तेव्हा माझ्या नातीच्या वाट्याची सगळी भाषा झोपाळ्यावर बसलेली होती. शैला, तुझे उपकार मानायचे तर कोणत्या तोंडाने मानू? तुझ्याशी भांडणं मला जास्त चांगलं जमतं.

आता घरात आम्ही सगळेच ओरडतो. "जुई, भात हवा का!" "जुई, ही वाटी!" प्राचीही मला ओरडूनच विचारते, मीठ किती घालू, कारण सवय लागली. दोन दिवस ऐकून शेजारची पारूबाय कुंपणाशी आली, टोपली डोक्यावर तशीच, आम्ही एवढं कशाला ओरडतोय ते विचारायला. "काय झाला गो मास्तरीनबाय? अवरा कला वरडताव? सुनंचा नि तुजा भांडान हाय का? मी येव का मधी?" प्राची आणि मी एकमेकींकडे पाहून हसलो. मग आत आल्यावर ती रडली, आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जुई आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. ती नेहमीच तोंडाकडे बघते. मला वाटायचं, किती लक्ष देऊन ऐकते.

आता जे खरं बोलायचं आहे ते. मी फळ्यावर खिडकी काढायचे, आठवतं? भाषेची एक खिडकी असते, लहानपणी सताड उघडी असते, मग वर्षावर्षाने लोटत जाते, आणि एकदा लागली की लागली. मुली मान खाली घालून लिहून घ्यायच्या. तू पुढच्या तासाला येऊन फळ्यावरची माझी खिडकी पुसायचीस आणि त्यांना सांगायचीस, खिडकी आपली आपण लागत नाही, पलीकडून कुणीतरी हाक मारायचं थांबतं. मी शिक्षकांच्या खोलीत हसायचे. म्हणायचे, ही कविता झाली, शास्त्र नव्हे, पुरावा आण. तुझ्याकडे पुरावा कमी होता, मी जिंकायचे. दुपारी जुई झोपली की मी ती जुनी पुस्तकं काढते आणि पुन्हा ठेवून देते. माझंच बरोबर होतं असं ती सांगतात. "तिची वेळ येईल" म्हणत मी निवांत बसले होते तेव्हा वेळ जातेही, हे त्याच पुस्तकांच्या पुढच्या प्रकरणात होतं, आणि ते मीच शिकवलेलं होतं.

तीन वर्षं गेली. ती परत भरून येतात की नाही, एवढंच मला हवंय. डॉक्टर पाण्याबद्दल सांगतील, नसेबद्दल सांगतील, हे कोण सांगणार? तू असतीस तर टेबलावर हात आपटून म्हणाली असतीस, भरून येतात गो, न यायला काय झालं, आणि मी सवयीने म्हटलं असतं, कशावरून?

आता तसं नाही म्हणणार. शुक्रवारी मी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसेन आणि प्राची तिला घेऊन आत जाईल. जन्मभर मी तुझ्याशी जिंकायला भांडले. आता मला हरायचंय, शैला. खिडकीबद्दल तू म्हणायचीस तेच खरं असू दे, आणि मी सपशेल चुकलेली असू दे.